शाल साताऱ्याच्या कोर्टात टिकली असती का?

साताऱ्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ साली झालेल्या खुनांवर, म्हणजे ‘जॅक द रिपर’ प्रकरणावर, तिला वर्गात अर्धा तास बोलायचं आहे. एका जुन्या रेशमी शालीवरच्या डागांच्या डीएनए तपासणीतून ॲरन कोस्मिन्स्की हाच खुनी ठरला, अशा बातम्या तिने वाचल्या. मग हे प्रकरण अजून न उकललेलं का म्हणतात? आणि हाच पुरावा आपल्या सत्र न्यायालयात ठेवला तर टिकेल का?

तुमचा प्रश्न डीएनएचा वाटतो, पण अडचण डीएनएच्या बरीच आधी सुरू होते. ‘उकललं’ म्हणजे काय, ते आधी ठरवू. महाराष्ट्रात गुन्हा खरा असून आरोपी निष्पन्न झाला नाही, तर तपासी अंमलदार कोर्टाकडे ‘ए समरी’ मागतो. फिर्याद खोटी आणि द्वेषातून दिलेली निघाली तर ‘बी’, गैरसमजातून दिलेली असेल किंवा वाद दिवाणी निघाला तर ‘सी’. याच्या जोडीला ‘अबेटेड समरी’ हाही शब्द तुम्हाला पोलीस ठाण्यात ऐकू येईल. आरोपी कोण ते कळलं, त्याच्यावर दोषारोपपत्र जाईल इतका पुरावाही आहे, पण तो मरण पावला, तेव्हा ही मागतात, कारण मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. ॲरन कोस्मिन्स्की १९१९ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. तेव्हा तुमचा प्रश्न असा मांडा: व्हाइटचॅपलची फाईल ‘ए समरी’च्या गठ्ठ्यातून काढून ‘अबेटेड’च्या गठ्ठ्यात ठेवता येईल का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

हे उत्तर तुम्ही कोणत्या खुर्चीत बसून बोलता यावरही अवलंबून आहे, हे मान्य केलं पाहिजे. इतिहासाचा अभ्यासक ‘संशयितांत हे नाव वरचं’ म्हणून थांबू शकतो, आणि त्यात चूक नाही. सरकारी वकिलाला ती मुभा नाही. शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) हा निकाल तुम्ही अभ्यासला असेलच. परिस्थितीजन्य पुराव्याची प्रत्येक कडी आधी स्वतंत्रपणे सिद्ध व्हायला हवी आणि मग सगळ्या कड्या मिळून आरोपीशिवाय दुसरी कुठलीच शक्यता शिल्लक राहता कामा नये. या कसोटीला शाल लावली तर चार जोड तपासावे लागतात: शाल त्या रात्रीची आहे का, डाग त्या माणसाचा आहे का, तो माणूस कागदांत कुठून आला, आणि तो एक खून बाकीच्या खुनांशी कशाने जोडला. पहिल्याच जोडावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण तिथेच शाल गळून पडते.

३० सप्टेंबर १८८८, शाल ज्या खुनाशी जोडतात ती रात्र. मारली गेलेली कॅथरीन एडोज दारू प्यायलेली सापडली म्हणून तिला बिशप्सगेट पोलीस ठाण्यात ठेवलं होतं, रात्री एकच्या सुमाराला सोडलं. शिपाई एडवर्ड वॉटकिन्स गस्तीवर १ वाजून ३० मिनिटांनी मायटर स्क्वेअरमधून गेला तेव्हा चौकात कोणी नव्हतं. १ वाजून ४४ मिनिटांनी तो परत आला तेव्हा एका कोपऱ्यात तिचा मृतदेह होता. सिटी पोलिसांनी, म्हणजे लंडनच्या मध्यातल्या ‘सिटी’ भागाच्या स्वतंत्र दलाने, तिच्या अंगावरच्या कपड्यांची आणि जवळच्या वस्तूंची यादी केली, ती आज वाचायला मिळते. पांढऱ्या चिंध्यांचे १२ तुकडे, साबणाचे ६ तुकडे, चहाची डबी, साखरेची डबी, दोन मातीचे पाइप, बारीक दातांची फणी, टाचण्या आणि सुया असलेला लाल फ्लॅनेलचा तुकडा, रिकामी काडेपेटी, गळ्याशी झिरझिरीत लाल रेशमाचा तुकडा. ज्याने साबणाचे तुकडे मोजून लिहिले, त्याच्या यादीत रेशमी शाल नाही.

आता शालीची कहाणी. ती २००७ साली लिलावात विकली गेली. घराण्यात चालत आलेली गोष्ट अशी की, एका पोलीस सार्जंटने ती त्या रात्री मृतदेहाजवळून मागून घेतली. तो सार्जंट मेट्रोपॉलिटन, म्हणजे उरलेल्या लंडनच्या पोलीस दलातला. मायटर स्क्वेअर सिटी पोलिसांच्या हद्दीतला. त्या ठिकाणी हजर असलेल्यांच्या नोंदींत त्याचं नाव नाही. आणखी एक बारकावा बघा. एडोजकडे मोहरीच्या डबीत गहाणवटीच्या पावत्या सापडल्या. तिच्यासोबत राहणाऱ्या जॉन केलीचे बूट नुकतेच अडीच शिलिंगांना गहाण पडले होते. ज्या घरात पायातले बूट गहाण ठेवून चहा-साखर आणावी लागते, तिथे मोठी रेशमी शाल आधी गहाण पडली असती. हा निर्णायक पुरावा नाही, पण उलटतपासणीत बचावाचा वकील हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारील.

आपल्याकडे अशी वस्तू कोर्टापर्यंत कशी जाते, ते वर्गात सांगा, म्हणजे फरक डोळ्यांसमोर येईल. घटनास्थळ पंचनाम्यात आधी चतुःसीमा: पूर्वेस काय, पश्चिमेस काय, आणि वस्तू एखाद्या पक्क्या खुणेपासून किती फुटांवर. रक्ताचे कपडे ओले असतील तर ते सावलीत, एकेक वेगळा पसरून वाळवायचे. वाळल्यावर प्रत्येक कपडा स्वतंत्र कागदी पाकिटात. मयताचे आणि संशयिताचे कपडे एका बोचक्यात बांधले की पुढचा अहवाल कितीही चांगला असला तरी वाया जातो, कारण एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं नाही हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले तर आतल्या दमटपणाने बुरशी धरते आणि डीएनएचे तुकडे पडतात. पावसाळ्यात महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यात तर फारच लवकर. पाकिटावर दोन्ही पंचांच्या सह्यांची लेबलं, वर लाखेचं सील, सीलचा नमुना वेगळ्या कागदावर. मग मुद्देमाल रजिस्टरला नोंद, प्रयोगशाळेला पत्र, घेऊन जाणाऱ्या अंमलदाराचा जबाब, तिकडची पोच. सीए रिपोर्टच्या, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाच्या सुरुवातीलाच ‘सील शाबूत, नमुन्याप्रमाणे’ हे वाक्य असतं. नवखे वकील ते ओलांडून सरळ निष्कर्षावर जातात. जुने वकील तिथेच थांबतात.

शालीच्या बाबतीत १८८८ ते लिलाव एवढ्या काळात ती कोणाकोणाच्या हातांतून गेली, कुठे ठेवली, कधी धुतली, कोण तिच्यावर शिंकलं, याची त्या त्या वेळी केलेली नोंद नाही. म्हणून साताऱ्याच्या कोर्टात ती ओळखण्याच्या टप्प्यावरच अडते. ‘ही तीच वस्तू’ असं शपथेवर सांगणारा साक्षीदार नाही.

याच्या शेजारी त्याच रात्रीची दुसरी वस्तू ठेवा. पहाटे २ वाजून ५५ मिनिटांनी गोल्स्टन स्ट्रीटवरच्या एका इमारतीच्या दारात शिपाई आल्फ्रेड लाँगला रक्ताने माखलेला एप्रनचा तुकडा सापडला. २ वाजून २० मिनिटांनी तो तिथून गेला होता, तेव्हा तो तुकडा तिथे नव्हता असं त्याने सांगितलं. एडोजच्या अंगावरच्या एप्रनचा एक भाग कापून नेलेला होता. डॉक्टर फ्रेडरिक गॉर्डन ब्राउन यांनी दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. एप्रनला पूर्वी एक ठिगळ लावलेलं होतं, त्याच्या शिवणीचा एक भाग या तुकड्यावर आणि उरलेला त्या तुकड्यावर, आणि दोन्ही काठ जुळले. कुणी, कुठे, किती वाजता उचललं, आणि कशावरून जुळलं, या चारही गोष्टींची उत्तरं त्याच पंधरवड्यातली. १८८८ सालचं विज्ञान असूनही हा पुरावा आजच्या कोर्टात उभा राहील. खुनी सिटीच्या हद्दीतून पुन्हा व्हाइटचॅपलच्या दिशेने गेला, ही या प्रकरणातली सगळ्यात भरवशाची माहिती याच तुकड्याने दिली.

त्याच दारात भिंतीवर खडूने काही ओळी लिहिलेल्या होत्या, ज्यूंचा उल्लेख असलेल्या. मेट्रोपॉलिटन पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी उजाडायच्या आत त्या पुसायला लावल्या. सिटी पोलिसांना फोटो काढायचा होता. वस्तीत दंगल उसळेल ही वॉरन यांची भीती अवास्तव नव्हती, पण वरून कापड टाकून तासभर पहारा ठेवता आला असता. आज त्या ओळींची शब्दरचना आणि स्पेलिंगसुद्धा वेगवेगळ्या अंमलदारांच्या वह्यांत वेगवेगळं आहे. मूळ गेलं की नक्कल किती काळजीने केली याला अर्थ उरत नाही. इथे हद्दीचाही मुद्दा घ्या. मिरज जंक्शनवर फलाटावरचा गुन्हा लोहमार्ग पोलिसांचा आणि स्टेशनबाहेरच्या रस्त्यावरचा शहर पोलिसांचा, तसाच हा प्रकार. म्हणून आता शून्य नंबरने गुन्हा दाखल करून आधी पुरावा वाचवायचा आणि हद्द नंतर ठरवायची, ही सोय कायद्यात आहे.

दुसरा जोड, डाग आणि माणूस. पेशीच्या केंद्रकातला डीएनए आई आणि वडील दोघांकडून येतो. मायटोकॉन्ड्रियातला फक्त आईकडून. तो लहान असतो, १६,५६९ अक्षरांचा, आणि एका पेशीत त्याच्या शेकड्यांनी प्रती असतात. त्यामुळे जुन्या हाडात, केसात, डागात तो टिकून राहतो. पण तो माणूस ओळखत नाही, आईकडची ओळ ओळखतो. एका आजीच्या लेकी वाई, कराड, तासगाव, जतला दिल्या, त्यांच्या लेकी आणखी कुठे दिल्या, तरी त्या सगळ्यांत आणि त्यांच्या मुलांत तो सारखाच. आडनावं दहा, मायटोकॉन्ड्रिया एक. शालीवरच्या डागांची तुलना झाली ती एडोजच्या आणि कोस्मिन्स्कीच्या बहिणीच्या, अशा स्त्रियांच्या ओळीतल्या हयात वंशजांशी. जुळणीचा अर्थ फार तर ‘या ओळीला वगळता येत नाही’ एवढाच होतो. समजा एखादा प्रकार शंभरात एकाकडे सापडतो. तर लाखभर वस्तीत तो हजार जणांकडे असेल. अहवाल वाचताना पहिला प्रश्न हाच: हा प्रकार किती लोकांत असतो?

नेमकी इथेच मोठी चूक झाली होती. २०१४ साली हा दावा पुढे आला तेव्हा एडोजच्या बाजूच्या जुळणीत ‘३१४.१सी’ नावाचा बदल सांगितला गेला आणि तो २ लाख ९० हजारांत एकाकडे असतो असं म्हटलं गेलं. जाणकारांनी दाखवून दिलं की प्रमाण पद्धतीने तो ‘३१५.१सी’ असा लिहायला हवा, आणि तो युरोपीय वंशाच्या ९९ टक्क्यांहून जास्त लोकांत असतो. लाखांत एक म्हणून सांगितलेली खूण जवळजवळ सगळ्यांकडे असलेली निघाली. २०१९ साली शोधनिबंध आला, पण त्यात डीएनएची प्रत्यक्ष अक्षरं न छापता रंगीत चौकोनांनी जुळणी दाखवली. वंशजांची खासगी माहिती जपण्यासाठी असं कारण दिलं. कारण समजण्यासारखं आहे. पण बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला कच्ची नोंद तपासता आली नाही, तर तुमच्या तज्ज्ञाचं मत हे नुसतं मत राहतं.

आणि हे सगळं बिनचूक धरलं तरी डाग कधी पडला ते डीएनए सांगत नाही. खुनाच्या रात्रीचा डाग आणि पन्नास वर्षांनंतरचा डाग अहवालात सारखेच दिसतात. ती तारीख फक्त मुद्देमालाच्या नोंदीतून मिळते, म्हणजे आपण पुन्हा पहिल्या जोडावर आलो.

तिसरा जोड कागदांचा. कोस्मिन्स्की हे नाव पोलीस अधिकारी मेलव्हिल मॅक्नॉटन यांच्या २३ फेब्रुवारी १८९४ च्या टिपणात संशयित म्हणून येतं, ड्रुइट आणि ऑस्ट्रॉग या आणखी दोन संशयितांबरोबर. मॅक्नॉटन पोलीस दलात आले १८८९ साली, म्हणजे १८८८ च्या खुनांच्या तपासात ते नव्हतेच. त्यांनी ड्रुइटला साधारण ४१ वर्षांचा डॉक्टर म्हटलं. तो ३१ वर्षांचा बॅरिस्टर आणि शाळामास्तर होता. ऑस्ट्रॉग तर त्या काळात फ्रान्समध्ये तुरुंगात होता, हे नंतर कागदांवरून निघालं. आणि कोस्मिन्स्कीचं पहिलं नावच टिपणात नाही. वाळव्याच्या एखाद्या जबाबात नुसतं ‘पाटील’ लिहावं, असं ते आहे. ‘ॲरन’ हे नाव जवळपास शंभर वर्षांनी इस्पितळाच्या दप्तरातून शोधून जोडलं गेलं.

दुसरा कागद म्हणजे तपासाची सूत्रं हाती असलेल्या डोनाल्ड स्वान्सन यांच्या पेन्सिलच्या टिपा. वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट अँडरसन यांच्या आठवणींच्या पुस्तकाच्या समासात त्या लिहिलेल्या, १९८७ साली जाहीर झालेल्या. एका साक्षीदाराने संशयिताला ओळखलं, पण साक्ष द्यायला नकार दिला, आणि संशयित होता कोस्मिन्स्की, असं त्यांत आहे. तुम्हाला इथे कायद्याचा चांगला मुद्दा मिळतो. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर तो खरा असल्याचं गृहीत धरता येतं. ते पुस्तक स्वान्सन यांच्याच कुटुंबात राहिलं, म्हणून ताब्याच्या बाबतीत हा कागद शालीपेक्षा कितीतरी सरस. पण ताबा अस्सलपणा देतो, मजकुराचा खरेपणा देत नाही. टिपेप्रमाणे तो माणूस थोड्याच दिवसांत मेला. ॲरन कोस्मिन्स्की तर पुढे २८ वर्षं जगला. शिवाय ओळख कशी घेतली? आपल्याकडे ओळख परेड कार्यकारी दंडाधिकारी घेतात, एका संशयिताबरोबर किमान सहा सारख्या अंगलटीची माणसं उभी करतात, साक्षीदाराला आधी चेहरा दिसू देत नाहीत. तसं काही झाल्याची नोंद स्वान्सनच्या टिपेत नाही. मायटर स्क्वेअरजवळ १ वाजून ३५ मिनिटांच्या सुमाराला एका बाईबरोबर पुरुष पाहणारा जोसेफ लवेंडे तर ऑक्टोबरमधल्या मृत्यूचौकशीतच म्हणाला होता की तो माणूस पुन्हा ओळखता येईल का याची शंका आहे.

इथवरचं थोडक्यात: शालीला ताबा नाही, जुळणीला आकडा नाही, आणि नावाला भरवशाचा कागद नाही. पण माझ्या मते सगळ्यात कमी चर्चा होते ती चौथ्या जोडाची, आणि तुमच्या अर्ध्या तासाचा गाभा तोच असावा.

पोलिसांच्या ‘व्हाइटचॅपल मर्डर्स’ फाईलीत एकूण ११ स्त्रिया आहेत: ३ एप्रिल १८८८ ला हल्ला झालेल्या एमा स्मिथपासून १३ फेब्रुवारी १८९१ ला मारल्या गेलेल्या फ्रान्सिस कोल्सपर्यंत. त्यांतल्या मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली या पाच जणी एकाच हातच्या, असं आज सगळीकडे छापलं जातं. ‘पाच आणि पाचच’ हे ठामपणे सांगणारा कागद कुठला? पुन्हा मॅक्नॉटन यांचं तेच टिपण. आता तारखा लावा. ड्रुइटचं प्रेत थेम्स नदीत सापडलं ३१ डिसेंबर १८८८ ला. ॲलिस मॅकेंझीचा खून झाला १७ जुलै १८८९ ला. डॉक्टर थॉमस बाँड म्हणाले हाच तो हात. डॉक्टर जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स म्हणाले नाही. बाँड बरोबर असतील तर ड्रुइट सुटला. कोस्मिन्स्की ७ फेब्रुवारी १८९१ ला इस्पितळात दाखल झाला. कोल्सचा खून त्यानंतर सहा दिवसांनी. ती मालिकेत धरली तर तोही सुटला. म्हणजे बळींची यादी बदलली की संशयितांची यादी बदलते. आणि टिपणात दोन्ही याद्या एकाच माणसाने, एकाच बैठकीत, एकमेकींना आधार देत लिहिल्या आहेत. हे वर्तुळ आहे, आणि खटल्यात वर्तुळ हा पुरावा नसतो.

आत काय, बाहेर काय, हे ठरवताना ‘एम.ओ.’ (मोडस ऑपरेंडी, गुन्ह्याची पद्धत) हा शब्द सैल वापरू नका. पद्धत प्रसंगाप्रमाणे बदलते: जागा, उजेड, कोणी आलं म्हणून अर्धवट सोडलेलं काम. स्ट्राइडचा फक्त गळा चिरलेला होता. बर्नर स्ट्रीटच्या त्या आवारात रात्री एकला घोडागाडी आत आली म्हणून खुन्याला पळावं लागलं, हा एक अर्थ. तो खून दुसऱ्याच कोणाचा, हा दुसरा अर्थ. दोन्ही अर्थ हाती असलेल्या माहितीत बसतात. ७ ऑगस्ट १८८८ ला मेलेली मार्था टॅब्रॅम, अंगावर भोसकल्याच्या ३९ जखमा, यादीबाहेर. कारण तिथे चिरणं नाही, भोसकणं आहे. पण पहिल्या खुनात हात वेगळा चालू शकतो हेही तितकंच खरं. प्रामाणिक उत्तर असं की निकोल्स, चॅपमन आणि एडोज यांच्यातलं साम्य सगळ्यात घट्ट आहे आणि बाकीच्यांबद्दल खात्री उतरत्या क्रमाने कमी होत जाते. ‘पाच’ हा आकडा निष्कर्ष म्हणून सांगा, सुरुवात म्हणून नको.

मूळ पुरावा पहिल्या काही तासांतच कसा गेला, तेही सांगायला हवं. निकोल्सचा मृतदेह रस्त्यावर तपासताना डॉक्टरांनी गळ्याच्या जखमा पाहिल्या. पोटावरच्या जखमा शवागारात पोलीस निरीक्षक वर्णन लिहून घेत असताना लक्षात आल्या. मग डॉक्टरांना परत बोलावलं. दरम्यान गरीबगृहातल्या दोघांनी मृतदेहाचे कपडे काढून तो धुऊन टाकला. आठवडाभराने ॲनी चॅपमनच्या बाबतीतही तसंच झालं. रक्त कुठून कुठे ओघळलं, कपड्याचा फाटका भाग जखमेशी जुळतो का, हे मग कोणाला सांगता येणार? आपल्याकडेही नातेवाईक अंग पुसून, लुगडं बदलून मृतदेह सिव्हिलला आणतात. माया म्हणून करतात, पण तो पुरावा परत येत नाही. अशा वेळी काढलेलं लुगडं मागवून त्याचा वेगळा पंचनामा करायचा, एवढाच उपाय उरतो.

मृत्यूच्या वेळेवर एक उदाहरण घ्या, कारण संशयिताचा ‘मी तिथे नव्हतो’ हा बचाव यावरच उभा राहतो किंवा पडतो. चॅपमनचा मृतदेह ८ सप्टेंबरला पहाटे सहाच्या जरा आधी हॅनबरी स्ट्रीटवरच्या २९ नंबरच्या परसात सापडला. डॉक्टर फिलिप्स यांनी साडेसहाला पाहून सांगितलं की मृत्यू होऊन निदान दोन तास झाले. म्हणजे साडेचार किंवा त्याआधी. पण पावणेपाचच्या सुमाराला जॉन रिचर्डसन त्याच परसाच्या पायरीवर बसून बुटातलं टोचणारं चामडं कापत होता, त्याला मृतदेह दिसला नाही. साडेपाचच्या आसपास शेजारच्या ॲल्बर्ट कॅडॉशला कुंपणापलीकडे आवाज आला आणि एलिझाबेथ लाँगने चॅपमनला रस्त्यावर जिवंत पाहिल्याचं सांगितलं. डॉक्टर खरे की साक्षीदार?

डॉक्टरांनी अंदाज बांधला हाताने, थर्मामीटरने नाही. थंड हवेच्या देशातल्या जुन्या ठोकताळ्यात शरीर तासाला साधारण दीड अंश फॅरनहाइटने निवतं. आपल्याकडे त्याहून बरंच हळू. माण-खटावच्या मे महिन्यात हवाच अंगाइतकी तापलेली असते, तिथे शरीर तासन्‌तास निवतच नाही. उलट पहाट गार, रक्त वाहून गेलेलं आणि पोट उघडं असेल तर ते झपाट्याने निवतं. फिलिप्स यांनी स्वतः ही सवलत बोलून दाखवली होती. शरीर ताठणं साधारण दोन-तीन तासांत सुरू होतं आणि बाराएक तासांत अंगभर येतं, पण त्यातही हवा आणि अंगकाठीप्रमाणे फरक पडतो. म्हणून नीट करायचं तर गुदद्वारातलं तापमान तासातासाच्या अंतराने दोन-तीनदा घ्यायचं, शेजारी हवेचं तापमान लिहायचं, आणि पी.एम. नोट्समध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या टिपणात, एक वेळ न लिहिता ‘अमुक ते अमुक तास’ असा पल्ला लिहायचा. चॅपमनच्या प्रकरणात मी साक्षीदारांकडे झुकतो, कारण तिघंही एकमेकांना धरून बोलत नव्हते आणि तरी एकाच पाऊण तासाकडे बोट दाखवतात. पण लाँग आणि कॅडॉश यांच्या वेळांत काही मिनिटांची ओढाताण आहे, ती झाकू नका.

‘जॅक द रिपर’ ही सही असलेली पत्रं मात्र लवकर ओलांडा. पहिलं पत्र एका वृत्तसंस्थेला आलं होतं आणि पोलिसांतल्या अनेकांना ते पत्रकाराचंच काम वाटत होतं.

तयारीसाठी एक मोठा कागद आडवा घ्या आणि सहा रकाने आखा: घटना, वेळ, कोण सांगतो, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, ते केव्हा लिहिलं गेलं, विरोधात काय. पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्याच दिवसाची नोंद काळ्या शाईने, मृत्यूचौकशीतली साक्ष निळ्या, वर्तमानपत्र हिरव्या, आणि पाच वर्षांनंतरचं टिपण किंवा आठवणी लाल शाईने लिहा. चौकशीचे मूळ सरकारी कागद या पाच जणींपैकी एडोज आणि मेरी जेन केली यांचेच उरले आहेत. बाकीच्या साक्षी वर्तमानपत्रांतून घ्याव्या लागतात. तिथे एकाच दिवसाची तीन पत्रं शेजारी ठेवा. जिथे तिन्हींत फरक, तिथे वार्ताहराच्या कानाचा दोष धरा. सिटी पोलिसांचं बरंचसं दप्तर दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात गेलं, म्हणून काही रकाने रिकामे राहतील. ते रिकामेच ठेवा. संशयिताचं एकही नाव तक्ता पुरा होईपर्यंत लिहू नका. पुरा झाल्यावर दिसेल की कोस्मिन्स्कीबद्दलचं सगळं लाल शाईत आहे आणि एप्रनबद्दलचं काळ्या-निळ्या.

वर्गात सुरुवात वॉटकिन्सच्या त्या १४ मिनिटांपासून करा, मग एप्रन, मग शाल, आणि ए समरी-अबेटेड समरीचा फरक फळ्यावर लिहून ठेवा. शालीवर येण्याआधी एडोजजवळच्या वस्तूंची यादी पूर्ण वाचून दाखवा, एकही वस्तू न गाळता. दोन-तीन मिनिटं लागतील.